२६ पैकी ११

५० किलोचं पोतं १४ दिवसांत संपलं, तेव्हा मी वही काढून बसले. खुराड्यात २२ कोंबड्या, ४ कोंबडे. मोठी कोंबडी दिवसाला ११० ते १२० ग्रॅम खाते, म्हणजे सगळ्यांचं मिळून रोजचं ३ किलो. या हिशेबाने पोतं १६ दिवस तरी जायला हवं होतं. आठेक किलो खाद्य कुणाच्याच पोटात गेलं नव्हतं. आणि अंडी मिळत होती रोजची ९. म्हणजे एका अंड्यामागे ३३० ग्रॅम खाद्य.

कोंबडी पाळण्याचा बहुतेक खर्च खाद्याचाच असतो. खाद्यात मुख्य दोनच गोष्टी, मका आणि सोयापेंड. त्यांचे भाव चढले की पोतं महागतं. या वेळी दोन्ही चढले आणि उतरायचं नाव घेईनात.

मी आधी जे केलं ते चुकीचं होतं, आणि ते सांगायलाच हवं. मी खाद्यात निम्मा मक्याचा भरडा मिसळला. मक्याने पोट भरतं, पण त्यात प्रथिनं ८-९ टक्केच. अंड्यावरच्या, म्हणजे अंडी देत असलेल्या, कोंबडीला १६-१७ टक्के लागतात. त्यातच मी शिंपल्यांचा चुराही आणायचा थांबवला. तीन आठवड्यांत अंडी ९ वरून ५ वर आली. त्यातली दोन-तीन इतक्या पातळ कवचाची, की उचलताना बोट आत जायचं. एका कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम जातं. खाद्यातून मिळालं नाही तर कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते. पुढे त्या एकमेकींच्या शेपटीजवळची पिसं उपटायला लागल्या. एकीची पाठ रक्ताळलेली बघून माझ्या पोटात कालवलं.

सासूबाई तेव्हा म्हणाल्या, "अगं, खाणारी तोंडं कमी कर. ताटातलं कमी करू नकोस."

दुसऱ्या दिवसापासून पूर्वीचं खाद्य पुन्हा सुरू केलं. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवला. खाद्याचं भांडं कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर टांगलं, त्यामुळे चोचीने उकरून सांडणं जवळपास थांबलं. पोतं झाकणाच्या पिंपात रिकामं केलं आणि भांडं संध्याकाळी आत घ्यायला लागले. उंदरांची सोय बंद झाली. अंडी ९ वर यायला महिना लागला.

मग तोंडं कमी करायला घेतली.

कोणती अंडी देते आणि कोणती नाही, हे दिवसा नुसतं बघून कळत नाही. रात्री दांडीवर बसल्या की कोंबड्या शांत असतात, तेव्हा एकेक उचलून हाताने बघायचं. नवऱ्याने बॅटरी धरली, मी कोंबडी काखेत घेतली. शेपटीखाली, अंडं येतं त्या जागेच्या दोन्ही बाजूंना दोन टोकदार हाडं लागतात. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं बसली तर ती अंड्यावर आहे. जेमतेम एक बसलं तर बंद आहे. अंड्यावरचीची ती जागा ओलसर, मोठी असते. बंद झालेलीची सुकलेली, चुण्या पडलेली. तुरासुद्धा सांगतो, लाल आणि टपोरा की फिका आणि आक्रसलेला. पिवळ्या पायांच्या कोंबड्यांचं आणखी एक असतं. भरपूर अंडी देणाऱ्या कोंबडीचा पिवळा रंग अंड्यांतल्या बलकात उतरत जातो. आधी चोच फिकी पडते, मग पाय. म्हणजे पिवळेधमक पाय बघून "काय सुंदर कोंबडी" म्हणतो, तीच कदाचित कित्येक महिने नुसती खात असते.

२२ जणींना हात लावायला दोन रात्री लागल्या. पायात रंगीत दोरे बांधले. ११ अंड्यावर. १ खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली. ४ पिसं गाळत होत्या. ६ बंद.

पिसं गाळणाऱ्यांवर अन्याय होतो असं मला वाटतं. पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच. ते नवं उगवताना कोंबडी अंडं देत नाही, तो तिचा आळस नव्हे. उलट जी उशिरा पिसं गाळायला लागते आणि झटपट सगळी गाळून मोकळी होते, ती बहुधा चांगली निघते. दिवस लहान झाले की अंडी कमी होतात, हेही लक्षात ठेवायचं. १४ तासांपेक्षा कमी उजेडात चांगली कोंबडीही हात आखडते.

चारपैकी तीन कोंबडे काढायचे हे आधीच ठरलं होतं. अंडं यायला कोंबडा लागत नाही, पिल्लांसाठी लागतो, आणि दहा कोंबड्यांना एक पुरतो.

बंद असलेल्या सहांपैकी एक, आमची लंगडी, ठेवली. तिने तीन वेळा पिल्लं काढून वाढवली आहेत. तिच्यासोबत माझ्याकडे आठ अंड्यावरच्या, एक खुडूक आणि एक कोंबडा राहिला. पिसं गाळणाऱ्या चार आणि अंड्यावरच्या तीन ओळखीच्या दोन घरी दिल्या. नुसत्या पिसं गाळणाऱ्या दिल्या असत्या, तर त्यांना दोन महिने अंडं दिसलं नसतं, म्हणून चांगल्या तीनही दिल्या. एका घरी तीन, दुसऱ्या घरी चार. एकटी कोंबडी कुणालाच दिली नाही, ती झुरते.

उरलेल्या पाच कोंबड्या आणि तीन कोंबडे कापले. शेजारचे काका यात मुरलेले आहेत, त्यांनी कापले, मी धरले. प्रत्येकीला पिल्लू असल्यापासून मी हातावर दाणे घातले होते. त्या सकाळी कुणाशी बोलावंसं वाटलं नाही.

साफ करताना चार जणींच्या पोटात अंडाशय मोहरीच्या दाण्यांसारखा बारीक झालेला दिसला. पाचवीत, करड्या मानेच्या कोंबडीत, तीन बलक होते. एक वाटाण्याएवढा, एक बोराएवढा, एक जवळजवळ पूर्ण. ती पुन्हा अंड्यावर येत होती. बलक पूर्ण व्हायला शेवटचे आठ-दहा दिवसच लागतात. मी तपासलं त्या रात्री तिच्या हाडांत एकच बोट बसलं होतं, आणि कापलं त्यानंतर बारा दिवसांनी. मधे एकदाही पुन्हा हात लावला नाही. तो पूर्ण बलक मी बराच वेळ तळहातावर धरून बसले होते.

आता बंद वाटलेल्या कोंबडीच्या पायात दोरा बांधते आणि दर पंधरा दिवसांनी बघते. लागोपाठ तीन वेळा एकच बोट बसलं तरच ठरवते.

पहिला आठवडा उरलेल्यांचाही वाईट गेला. सगळ्यांवर हुकूम चालवणारी मोठी काळी गेली, त्यामुळे वरची जागा रिकामी झाली आणि दोघीजणी त्यासाठी भांडत राहिल्या. चोचाचोची इतकी, की मी खाद्याची दोन भांडी लांब लांब टांगली. रात्री सगळ्या दांडीच्या एकाच टोकाला गोळा होऊन बसायच्या, उरलेली दांडी तशीच मोकळी. अजूनही तशाच बसतात.

रोज साडेबारा-तेराशे ग्रॅम खाद्य जातं. अंडी ६, कधी ५. अंड्यामागे साधारण २१० ग्रॅम. लंगडी यात काहीच भर घालत नाही, आणि तिचे १२० ग्रॅम मी आनंदाने मोजते. खुडूक बसलेलीखाली नऊ अंडी ठेवली आहेत, २१ दिवसांपैकी आठ झाले.

पोतं फोडल्याला आज १९ वा दिवस. मघाशी पिंपात हात घातला, अजून निम्म्याहून थोडं जास्तच आहे.