तिसरं पाकीट

"हीच गोळी. दोन पाकिटां देवा."

सप्टेंबर संपत आला होता. मालवण बंदरावरून थेट आमच्या मेडिकलात आलेल्या तांडेल काकांनी काउंटरवर रिकामं पाकीट ठेवलं. एटोरिकॉक्सिब १२०, दुखण्याची गोळी. दहाही घरं फुटलेली, मागे 'चिठ्ठीशिवाय नको' सांगणारी लाल पट्टी स्पष्ट दिसत होती. चिठ्ठी नव्हती. पहिली दोन पाकिटं दुसऱ्या एका दुकानातून अशीच मिळाली होती.

"किती दिवस घेतास?"

"चवथ झाल्यापासून. सतरा-अठरा दिस झाले. पोटाक लागणा नाय, म्हणान घेतंय."

खरी गोम या शेवटच्या वाक्यात आहे. डायक्लोफिनॅक, इंडोमेथॅसिनसारख्या जुन्या गोळ्यांनी पोटात जळजळ व्हायची आणि माणूस आपसूक थांबायचा. एटोरिकॉक्सिब मुख्यतः कॉक्स-२ हे दुखणं-सूज वाढवणारं एन्झाइम अडवते, त्यामुळे जठराला त्रास कमी. पण मूत्रपिंडातही कॉक्स-२ काम करतंच. तिथे ही गोळी जुन्या गोळ्यांइतकीच जड. पोट गप्प राहिलं की माणसाला वाटतं, औषध सोसतंय.

काकांना गाउट, म्हणजे युरिक ॲसिड सांध्यात साचून सांधा सुजण्याचा आजार. गाउटच्या झटक्यात १२० मिलिग्रॅमचा डोस दिवसातून एकदाच आणि जास्तीत जास्त ८ दिवस. गुडघ्याच्या झिजेला ३० किंवा ६० पुरते. रक्तातली मात्रा निम्मी व्हायला साधारण २२ तास लागतात, म्हणून दिवसाला एकच. काकांच्या पायाचा सुजलेला अंगठा चार दिवसांत बसला होता. मग घोटा धरला, गोळी चालूच राहिली. दुखणं जास्त असेल त्या दिवशी दोन. नावेवर ऊन आणि घाम, पाणी पिणं मात्र बेताचं. संध्याकाळी बियर, जेवणात तारले नाहीतर बांगडे. युरिक ॲसिड वाढायला एवढं पुष्कळ झालं.

त्यांना खुर्चीवर बसवून नडगीच्या हाडावर अंगठा दाबून धरला. उचलल्यावर खळगा तसाच राहिला, हळूहळू भरला, म्हणजे अंगात पाणी साचलेलं. लघवी कमी झाली होती, तीही गडद. बीपी १७०/१०४.

"प्रेशरची गोळी खातास?"

शर्टाच्या खिशातून पाकीट निघालं. टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड (लघवी वाढवणारं थायाझाइड) १२.५, एकाच गोळीत. रोज न चुकता घेतलेली.

दुखण्याची गोळी, टेल्मिसार्टन आणि थायाझाइड या तिघांची गाठ पडली की काय होतं ते नीट समजून घ्यायला हवं. मूत्रपिंडाच्या गाळणीत रक्त आणणारी बारीक वाहिनी कॉक्सने बनवलेल्या प्रोस्टाग्लँडिन या रसायनामुळे सैल राहते. दुखण्याची गोळी ते बंद करते, वाहिनी आवळते, रक्त कमी येतं. टेल्मिसार्टन गाळणीतून रक्त बाहेर नेणारी वाहिनी सैल करतं, त्यामुळे आतला दाब आणखी पडतो. लघवीची गोळी अंगातलं पाणीच कमी करते. गाळायला दाबच उरत नाही. एकेकटी गोळी बहुतेकांना सोसते. तिन्ही एकत्र आणि वर उन्हातली तहान, हे सोसत नाही. त्यात थायाझाइड युरिक ॲसिडही वाढवतं. म्हणजे गाउटला खतपाणी घालणारी एक गोळी ते रोज सकाळी घेत होते आणि दुखलं की वर दुसरी.

पाकीट दिलं नाही. दोन्ही गोळ्यांची नावं, डोस आणि किती दिवस घेतल्या, ते कागदावर लिहून दिलं, डॉक्टरांना फोन केला आणि काकांच्या मुलाला बोलावून त्याच तासाला पाठवलं. क्रिएटिनीन, म्हणजे मूत्रपिंडाने गाळून टाकायचा रक्तातला कचरा, वाढून ३.१ आलं, पोटॅशियमही वरच्या काठावर. युरिक ॲसिड ९.४. (हा आकडा ऐन झटक्यात नॉर्मलही येऊ शकतो, तेवढ्यावरून गाउट नाही असं ठरवू नये.)

डॉक्टरांनी दुखण्याची आणि प्रेशरची, दोन्ही गोळ्या थांबवल्या. प्रेशरसाठी ॲम्लोडिपिन सुरू केलं. घोट्यासाठी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ५ दिवस, साखर आणि बीपी रोज तपासून. कोल्चिसिन हे गाउटच्या झटक्याचं औषध मुद्दाम टाळलं, कारण मूत्रपिंड मंद असताना ते अंगात साचतं आणि जुलाबांपासून पुढे बरंच बिघडवतं. तीन आठवड्यांत क्रिएटिनीन १.३ वर आलं. सगळ्यांचं असं उतरत नाही.

त्यानंतर युरिक ॲसिड कमी करणारं ॲलोप्युरिनॉल १०० पासून सुरू झालं. युरिक ॲसिड ६ च्या खाली नेईपर्यंत डोस हळूहळू वाढवायचा. सुरुवातीच्या महिन्यांत झटके येऊ शकतात, म्हणून सोबत कोल्चिसिन ०.५, आता मूत्रपिंडाचा अंदाज घेऊन. झटका आला तरी ॲलोप्युरिनॉल सोडायचं नाही. अंगावर पुरळ आलं तर मात्र त्याच दिवशी बंद करून डॉक्टरकडे जायचं. हे दोन नियम काकांच्या मुलाने घरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिले आहेत. काका दर महिन्याला चिठ्ठी घेऊन येतात, आणि सर्दीची गोळी मागतानाही आधी खिशातली सगळी पाकिटं काउंटरवर मांडतात.