मॅडम, कान उभे राहतील ना?

सांगलीत पाळीव प्राण्यांचा दवाखाना चालवते, कानाच्या केसेस रोजच्याच, पण मागच्या पावसाळ्यात आलेलं ते डॉबरमनचं पिल्लू डोक्यातून जातच नाही. तीनेक महिन्यांचं असेल. सोबत विशीतला मुलगा आणि त्याची आई. पिल्लाच्या डोक्यावर थर्माकोलचा ग्लास पालथा घातलेला, दोन्ही कान उभे राहावेत म्हणून त्यावर ताणून चिकटपट्टीने गुंडाळलेले, दारातूनच वास येत होता. मुलाचा पहिला प्रश्न, "मॅडम, कान उभे राहतील ना?" म्हटलं अरे आधी ताप तर बघू दे. 104.6 निघाला, कुत्र्याचा नॉर्मल साधारण 101 ते 102.5.

पट्टी निघेना, पू वाळून कातडीला घट्ट बसलेली. भूल दिली, सलाईनने भिजवत भिजवत जरा जरा करून सोडवली. आत बघितलं तर कानाच्या कडेला कपडे शिवायच्या दोऱ्याचे टाके, इतके आवळलेले की डाव्या कानाचं टोक काळं पडलेलं, म्हणजे तिथला रक्तपुरवठाच संपलेला. तेवढा भाग मला कापून टाकावा लागला. कान टोकदार, उभे दिसावेत म्हणून कापले होते, ते ब्रीडरकडच्या, म्हणजे पिल्लं पैदा करून विकणाऱ्याकडच्या माणसाने, गोठ्यात, भूल न देता. "दोघांनी धरलं होतं," मुलगा सांगत होता. त्याला वाटलं होतं सगळीकडे असंच करतात.

शेपटी तर हे लोक पिल्लू घ्यायला जायच्या आधीच गेलेली. ती जन्मल्यावर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी उडवतात, पिल्लाचे डोळेही उघडलेले नसतात तेव्हा, आणि वर म्हणतात एवढ्या लहानपणी दुखत नाही. दुखतं. कधी कधी कापलेल्या नसेच्या टोकाला गाठही होते, मग तिथं हात लावला की कुत्रं मोठेपणीही कळवळतं.

काकूंनी विचारलं, "पण डॉक्टर, ह्या जातीचे कान असेच असतात ना?" हा प्रश्न चांगली शिकलेली माणसंही विचारतात. नाही हो काकू, डॉबरमन जन्मतो तो लोंबते कान आणि चांगली लांब शेपटी घेऊन. ही जात जर्मनीतल्या आपोल्डा गावच्या लुई डोबरमान नावाच्या कर गोळा करणाऱ्या माणसाने तयार केली, आणि त्याच जर्मनीत 1987 पासून कान आणि 1998 पासून शेपटी कापायला बंदी आहे. उभ्या कानाला इन्फेक्शन होत नाही म्हणे! मग लॅब्रेडॉर, बीगलचे कान का नाही कापत कुणी? हा सगळा प्रकार दिसण्यासाठी आहे. कुत्रं कान मागे घेऊन घाबरलोय सांगतं, शेपटीने खूश आहे सांगतं, आणि आपण नेमकं तेच कापतो.

आपल्याकडे कायद्याचा घोळ आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात अंगविच्छेद गुन्हा आहे, शिंगं काढणं, खच्चीकरण, डागणं, वेसण घालणं यांना सूट दिलीय, त्या यादीत कुत्र्याचे कान-शेपटी कुठेच नाहीत. 2011 मध्ये व्हेटर्नरी कौन्सिलने, म्हणजे आम्हा जनावरांच्या डॉक्टरांवरच्या संस्थेने, पत्र काढून हे थांबवा म्हणून सांगितलं, पण 2013 मध्ये मद्रास हायकोर्टाने ते उडवलं. ब्रीडर तेवढंच धरून बसतात. माझ्याकडे कुणी नुसत्या लूकसाठी विचारलं तर मी नाहीच म्हणते, गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे.

जखमा साफ केल्या, अँटिबायोटिक आणि पेनकिलर सुरू केलं, जखम खाजवू नये म्हणून गळ्यात कॉलर घातली आणि स्पष्ट सांगितलं की आता कान पुन्हा बांधायचे नाहीत, उभे राहू देत नाहीतर पडू देत. मुलगा गप्प होता, मग म्हणाला माझ्या मित्राने त्याच ब्रीडरकडे पिल्लू बुक केलंय, परवाच जन्मलीत. म्हटलं आत्ताच्या आत्ता फोन लाव, शेपटी वाचवायची तर हेच दोन दिवस आहेत. ब्रीडर म्हणाला शेपटीवालं पिल्लू विकलं जात नाही, तुम्ही नंतर नाही म्हणालात तर माझ्या गळ्यात, पूर्ण पैसे आधी टाका. मित्राने त्याच संध्याकाळी पैसे पाठवले.

त्या वेतातली बाकीची पिल्लं कापली गेलीच. मित्राचं पिल्लू तेवढं वाचलं, महिन्या-दीड महिन्याने लसीला आलं माझ्याकडे, कान लोंबते, शेपटी अख्खी, आणि ती इतकी हलत होती की टेबलावरचा कापसाचा डबा दोनदा खाली पाडला.