बापाची ब्रुअरी, पोराची ब्रुअरी आणि मधला रस्ता

कोपनहेगनला जायच्या आधी आठवडाभर आम्ही नवरा-बायको रोज रात्री जेवण झाल्यावर एक डॅनिश सिरीयल बघत होतो, सबटायटल लावून. मोठी फॅमिली कंपनी, म्हातारा मालक, मुलगा, जावई, बोर्ड मीटिंग, आणि कोण कोणाच्या बाजूने आहे हे शेवटपर्यंत कळत नाही असला प्रकार. आपल्याकडे असती तर निदान दोन थोबाडीत आणि एक हार्ट अटॅक झाला असता, इथे मात्र सगळे जण स्वेटर घालून, कॉफी पीत, आवाज न चढवता एकमेकांचा गळा कापतात. नवरा म्हणाला की असं कुठे खरं असतं का. मी गप्प बसले, कारण मी साताऱ्याची आहे आणि माझं माहेर पेढेवाल्यांचं आहे.

तर नवऱ्याचं ऑफिसचं काम दोन आठवडे, तो सकाळी आठला बाहेर, आणि मी सप्टेंबरच्या गार वाऱ्यात कोपनहेगनमध्ये मोकाट. जलपरी बघून झाली (फोटोत मोठी दिसते, प्रत्यक्षात आपल्या चौकातल्या कुठल्याही पुतळ्यापेक्षा लहान आहे), न्यूहाउनची रंगीत घरं झाली, सायकलवाल्यांच्या लेनमध्ये चुकून उभी राहून शिव्याही खाऊन झाल्या, डॅनिशमध्ये होत्या म्हणून लागल्या नाहीत. मग एका सकाळी लोकलसारखी जी एस-टोग आहे ती पकडून कार्ल्सबर्ग या बियर कंपनीच्या नावाच्या स्टेशनवर उतरले. मी बियर पीत नाही. पण 1913 मध्ये बसवलेल्या त्या जलपरीचे पैसे इथल्या बियरवाल्याने दिले होते, एवढं वाचलं होतं आणि तो बियरवाला कोण हे बघायचं होतं.

इथे आता पूर्वीसारखी मोठ्या प्रमाणावर बियर बनत नाही, मुख्य उत्पादन 2008 मध्ये दूर फ्रेडेरिसियाला हलवलं. जुन्या लाल विटांच्या इमारती ठेवल्यात आणि मधेमधे नवीन उंच फ्लॅट, कॅफे, बाळांच्या गाड्या ढकलणारे बाप. चढ आहे थोडा. कार्ल्सबर्गमधला 'बर्ग' म्हणजे टेकडी, ती ही वाल्बीची टेकडी, आणि 'कार्ल' म्हणजे मालकाचा मुलगा, जलपरीचे पैसे देणारा तोच. आता इथून खरी सिरीयल सुरू होते.

मालक जे. सी. याकोबसेन. 1845 मध्ये हा माणूस म्युनिकहून चांगलं यीस्ट घेऊन आला, तेही घोडागाडीतून, डबे टोपीच्या खोक्यात ठेवून, आणि वाटेत गाडी थांबेल तिथे त्यावर गार पाणी ओतत. आमच्या अण्णांनी एकदा लग्नाच्या ऑर्डरचा खवा एसटीतून ओल्या फडक्यात गुंडाळून असाच नेला होता म्हणून मला तो याकोबसेन लगेच ओळखीचा वाटला. 1847 मध्ये त्याने टेकडीवर ब्रुअरी काढली आणि पाच वर्षांच्या एकुलत्या एका मुलाचं नाव तिला दिलं. पोराला किती आनंद झाला असेल असं आपल्याला वाटतं, पण मला तर वाटतं की तिथेच सगळं फिसकटलं, कारण पाच वर्षाच्या मुलाच्या डोक्यावर पाटी ठोकल्यासारखंच आहे ते.

कार्ल मोठा झाला, चुलत-मामेबहिणीत कुठेतरी त्याचं मन बसलं, ते बापाला पसंत नव्हतं, त्याला परदेशात ब्रुअऱ्या शिकायला पाठवून दिलं. काही वर्षांनी परत आला तेव्हा बापाने शेजारीच एक जोडब्रुअरी बांधून भाड्याने दिली. भाड्याने हां, नावावर नाही. आणि मग भांडण कशावरून, तर बियर किती दिवस ठेवायची यावरून! बापाचं म्हणणं लागर बियर थंड तळघरात महिनोन्महिने मुरली पाहिजे, घाई नको, ठराविक प्रमाणापेक्षा जास्त माल काढायचा नाही. पोराचं म्हणणं गिऱ्हाईक मागतंय, लवकर काढा, जास्त विका. वाचणाऱ्याला वाटेल एवढ्यावरून कोणी बापाला तोडतं का.

तोडतं. आमच्याकडे अण्णा खवा मंद आचेवर परततात, कढई लोखंडी, हात एकाच दिशेने, रंग कडेने बदामी व्हायला लागला की वास बदलतो आणि तो वास येईपर्यंत साखरेला हात लावायचा नाही. दादाने गॅसवरचं फिरतं मशीन आणलं. पेढा तसाच दिसतो, लोकांना फरकही कळत नाही असं दादाचं म्हणणं, आणि लोकांना कळत नाही म्हणूनच आपल्याला कळायला पाहिजे असं अण्णांचं. झालं, तीन वर्षं अबोला. दोन दुकानं, समोरासमोर, एकावर 'जुने व प्रसिद्ध' आणि दुसऱ्यावर नुसतं 'प्रसिद्ध', आणि अण्णांच्या पाटीखाली लाल अक्षरात 'आमची कोठेही शाखा नाही'.

कार्ललाही बापाने जागा खाली करायची नोटीस दिली. त्याने शेजारच्या जमिनीवर स्वतःची ब्रुअरी उभी केली, 1882 पासून तिचं नाव न्यू कार्ल्सबर्ग म्हणजे नवीन, आणि बापाची ती गामले, जुनी. स्वतःचंच नाव वापरायला बापाशी भांडायचं, काय एकेकाचं नशीब. त्यात दोन ब्रुअऱ्यांच्या मधला रस्ता. तिथे मला भेटलेल्या एका म्हाताऱ्या गाईड बाईने हसत हसत सांगितलं की रस्त्याला एकाने अलायन्सचं नाव दिलं, दुसऱ्याने शास्त्रज्ञ पाश्चरचं, मग एकाने पाटी लावली की दुसरा त्याहून मोठी पाटी लावायचा. मी एवढी मोठ्याने हसले की ग्रुपमधले दोन जर्मन वळून बघायला लागले. त्यांना काय सांगणार, आमच्या गल्लीत हा खेळ अजून चालू आहे.

आता यात खरा डाव म्हाताऱ्याने टाकला, आणि आमची सिरीयल लिहिणाऱ्यांनाही एवढा सुचला नसता. त्याने 1876 मध्ये कार्ल्सबर्ग फाउंडेशन काढलं, शास्त्रज्ञांच्या रॉयल अकॅडमीच्या हातात दिलं, आणि 1882 च्या मृत्युपत्रात आपली अख्खी ब्रुअरी पोराला न देता त्या फाउंडेशनला लिहून दिली. वाटणीचा प्रश्नच मिटवला! सून नाही, नातू नाही, प्रोफेसर लोक मालक. त्याआधीच त्याने लॅबोरेटरी काढली होती, तिथे हॅन्सन नावाच्या माणसाने 1883 मध्ये शुद्ध यीस्टची एकच जात वेगळी वाढवायची पद्धत शोधली, आणि म्हाताऱ्याने ती कुलपात न ठेवता सगळ्यांना देऊन टाकली, म्हणजे समोरच्या दुकानालासुद्धा. शाळेत आपण तो पीएच पीएच करत लिटमस बुडवायचो ना, ती पीएच मोजपट्टीसुद्धा 1909 मध्ये याच लॅबमधून आली. म्हाताऱ्याच्या घरात पुढे अणूवाला शास्त्रज्ञ नील्स बोर राहायचा, 1932 पासून मरेपर्यंत. पोराला राग येणार नाही तर काय, पण देशाचं भलं झालं, असा काहीतरी विचित्र हिशोब आहे हा. डेन्मार्कमधल्या बऱ्याच मोठ्या कंपन्यांच्या मागे आजही अशी फाउंडेशनं आहेत, जहाजांची मर्स्क काय, औषधांची नोव्हो नॉर्डिस्क काय.

दोघांचं 1886 मध्ये जमलं परत. पुढच्या वर्षी रोमला सगळे एकत्र होते आणि तिथेच 30 एप्रिल 1887 ला म्हातारा गेला. अबोला कित्येक वर्षांचा आणि गोडी जेमतेम वर्षभराची. हे ऐकल्यावर मी थोडा वेळ ग्रुपच्या मागे मागे चालले.

मग ते हत्ती आले. 1901 मध्ये कार्लने बांधलेलं गेट, डालेरुप नावाच्या आर्किटेक्टचं, चार ग्रॅनाइटचे हत्ती, खरोखरच्या हत्तीएवढे, पाठीवर अख्खी इमारत घेऊन उभे. आणि अंगावर स्वस्तिक! ते कंपनीचं जुनं चिन्ह होतं, नाझींमुळे वापरायचं बंद केलं पण दगडातलं कोण पुसणार. थंडीत, परक्या देशात, हत्ती आणि स्वस्तिक एकदम बघून माझा हात आपोआप छातीशी गेला, आणि लगेच लाज वाटली कारण समोर बियरची फॅक्टरी. जवळ जाऊन बघितलं तर प्रत्येक हत्तीवर एकेक अक्षर आहे, कार्ल आणि त्याची बायको ओटिलिया यांच्या चार मुलांची आद्याक्षरं, थिओडोरा, पाउला, हेल्गे, वाग्न. बाकीची मुलं लहानपणीच गेली होती. आणि गंमत बघा, गेट बांधून वर्ष होत नाही तोच कार्लनेही 1902 मध्ये बापासारखंच केलं, त्याची ब्रुअरीही फाउंडेशनकडे, 1906 मध्ये दोन्ही एकत्र. पोरांना नोकऱ्या मिळाल्या, पदं मिळाली, मालकी नाही. ज्या बापाशी जन्मभर भांडला त्याचाच कित्ता गिरवला पठ्ठ्याने.

तिथूनच अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांच्याकडे संध्याकाळ, गल्ल्यावर बसलेले. हत्ती दाखवले, स्वस्तिक दाखवलं, "दारूच्या कारखान्यावर?" म्हणून तोंड वाकडं केलं त्यांनी. मग मी मुद्दामच सगळी गोष्ट सांगितली, तळघर, मुरवणं, नोटीस, पाट्या. मधे एक गिऱ्हाईक आलं, अर्धा किलो तोलून दिला, फोन डब्याला टेकवून ठेवलेला त्यामुळे मला बराच वेळ नुसता पंखा दिसत होता.

परत आले आणि विचारलं, "मग शेवटी पाटी कोणाची राहिली?"

मी म्हटलं, "पाश्चरची. आत्ता त्याच रस्त्यावरून चालत आले."

"हा थोरला का धाकटा?"

"दोघांपैकी कोणीच नाही अण्णा. फ्रान्सचा शास्त्रज्ञ होता. पिशवीच्या दुधावर पाश्चराइज्ड लिहिलेलं असतं ना, तोच तो."

अण्णांनी थोडा विचार केला. "दूधवाला होय," म्हणाले, "मग ठीक आहे." आणि समोरच्या दुकानाकडे बघत फोन ठेवला.