नाल्याचं पाणी आणि गुलाबी प्लेट

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लग्नाच्या पंगतीत, रिक्षात, एकदा तर दातांच्या डॉक्टरांकडे मी आ वासून बसलेली असताना हाच प्रश्न आला: ‘अगं, त्या घाणीत कॅन्सरचं कसलं औषध शोधतेस?’

मी एक कात्री शोधते. तिचं नाव अ‍ॅस्परॅजिनेज, हे एक एन्झाइम. लहान मुलांत जास्त दिसणारा एएलएल हा रक्ताचा कॅन्सर असतो ना, त्याच्या पेशींना अ‍ॅस्परॅजिन नावाचं अमिनो आम्ल लागतं. निरोगी पेशी ते घरीच रांधतात. या पेशींना बहुतेकदा ते पुरेसं जमत नाही, त्यांचं सगळं रक्तातल्या खाणावळीवर. एन्झाइम रक्तातलं अ‍ॅस्परॅजिन तोडतं आणि खाणावळ बंद पडते.

(अ‍ॅस्परॅजिन पहिल्यांदा १८०६ साली फ्रान्समध्ये अ‍ॅस्परॅगसच्या रसातून काढलं. आपली शतावरी त्याचीच बहीण. हे कळल्यावर आत्याने शतावरी कल्प बंद केला. घे गं आत्या, काही होत नाही.)

१९५३ साली अमेरिकेत जॉन किड यांना दिसलं, की गिनीपिगच्या रक्तद्रवाने उंदरांच्या गाठी विरतात. त्यामागे हेच एन्झाइम आहे हे पुढे जॉन ब्रूम यांनी दाखवलं. पण औषधापुरते गिनीपिग आणणार कुठून? १९६४ मध्ये कळलं, की ई. कोलाय या जिवाणूचं एन्झाइमही तेच काम करतं. १९७८ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. हा ई. कोलाय तुमच्या-माझ्या आतड्यातला. आता तुम्हीच सांगा, त्याचं गणगोत कुठे भेटणार?

मग नवं कशाला? शरीराला ते परकं प्रथिन वाटतं, काहींना जोरदार अ‍ॅलर्जी येते. तेव्हा अर्विनिया या दुसऱ्या जिवाणूचं एन्झाइम देतात. शिवाय ही कात्री ग्लुटामिन हे दुसरं अमिनो आम्लही कापते, आणि काही दुष्परिणामांचा संशय त्यावरच आहे.

काम दिसायला सोपं. नाल्याचं पाणी पातळ करून अशा प्लेटवर पसरायचं, जिथे नायट्रोजनसाठी फक्त अ‍ॅस्परॅजिन आहे. सोबत फिनॉल रेड, म्हणजे अमोनियाने पिवळ्याचा गुलाबी होणारा रंग. अ‍ॅस्परॅजिन तुटलं की अमोनिया सुटतो, आणि पिवळ्या प्लेटवर कॉलनीभोवती गुलाबी कडं उमटतं.

माझ्या पहिल्या खेपेला सगळ्याच प्लेट गुलाबी झाल्या. मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकले, बाबांनी टाळ्यांचे इमोजी पाठवले. मॅडमनी एवढंच विचारलं, ‘कंट्रोल दाखव.’ अ‍ॅस्परॅजिन न घातलेली प्लेट. तीही गुलाबी! मी सवयीने पेप्टोन, म्हणजे प्रथिनांपासून बनवलेलं जिवाणूंचं खाद्य, घातलं होतं. जिवाणूंनी त्यातलीच अमिनो आम्लं खाऊन अमोनिया सोडला होता. दोन आठवडे पाण्यात, तेही नाल्याच्या.

तेव्हापासून गुलाबी रंग बघून हरखत नाही. नेसलर रिएजंटने अमोनिया मोजते, मग ग्लुटामिन देऊन बघते. आणि रक्तात अ‍ॅस्परॅजिन फार थोडं असतं. तेवढं थोडंही जो पकडू शकत नाही, तो कितीही गुलाबी असला तरी बाद. एवढं निभावलं तरी ते औषध होत नाही, पुढे वर्षांची रांग असते.

सध्या माझ्याकडे दोन जिवाणू उरलेत. त्यातला एक ग्लुटामिनही कापतो, हे गेल्या आठवड्यात कळलं. दुसऱ्याची चाचणी सोमवारी आहे.