प्लीज अॅडव्हाइस की प्लीज अॅडव्हाइझ?

परवा एका सहकाऱ्याने मेल पाठवायच्या आधी मला दाखवला, शेवटी लिहिलं होतं 'प्लीज अॅडव्हाइस', आणि वर म्हणाला बघ गं जरा नीट, मागच्या वेळी काहीतरी चुकलं होतं तर सगळ्यांसमोर हसले होते, तेव्हापासून मेल लिहायचाच टाळतो. मला फार वाईट वाटलं, कारण हसणाऱ्यांपैकी एकानेही चूक नक्की कुठे आहे ते त्याला सांगितलं नव्हतं.

चूक एका अक्षराची आहे. सल्ला म्हणजे अॅडव्हाइस, आवाज 'स'चा, स्पेलिंगमधे सी. सल्ला देणं म्हणजे अॅडव्हाइझ, इथे आवाज झाडातल्या 'झ'च्या जवळचा आणि स्पेलिंगमधे एस. म्हणजे त्याने 'कृपया सल्ला' एवढंच लिहिलं होतं, 'द्या' राहून गेलं होतं.

आणि हे एकाच जोडीपुरतं नाहीये. यूस म्हणजे उपयोग, यूझ म्हणजे वापरणं. एक्सक्यूस म्हणजे सबब, एक्सक्यूझ म्हणजे माफ करणं. हाउस म्हणजे घर, पण कुणाची राहायची सोय करणं हे क्रियापद असेल तर हाउझ. नाम असलं की स, क्रियापद झालं की झ, सगळीकडे नाही चालत हे (प्रॉमिस दोन्हीकडे प्रॉमिसच राहतं) पण जिथे चालतं तिथे फार उपयोगी पडतं. शाळेत आम्हाला हे कुणी सांगितलं नाही, नुसती स्पेलिंगं पाठ करून घेतली, आणि स्पेलिंगमधे तर यूस आणि यूझ सारखेच दिसतात, मग कळणार कसं?

लूजचा घोळ तर आपल्या मराठीतूनच आलाय असं माझं मत आहे. आपण स्क्रू लूज झाला म्हणतो, पॅन्ट लूज होते म्हणतो, पण इंग्रजीत सैल म्हणजे लूस, डबल ओ. हरणं किंवा गमावणं ते लूझ, एकच ओ. आपल्या तोंडी दोघांचा लूज होतो म्हणून मॅच गमावली लिहिताना हात आपोआप डबल ओकडे जातो. प्राइसचंही तसंच, किंमत ती प्राइस आणि बक्षीस ते प्राइझ.

आता बॉरो आणि लेंड, इथे आवाजाचा काही संबंध नाही. मराठीत 'उसनं' हा शब्द एकच, पुढे घेणं लावा नाहीतर देणं लावा. इंग्रजीत घेणं-देणं त्या क्रियापदाच्या पोटातच असतं, बॉरो म्हणजे घेणं, लेंड म्हणजे देणं, म्हणून 'मला पेन बॉरो कर' या अर्थाचं वाक्य आपल्याकडून सहज निघून जातं. सावलीचंही तेच आहे, उन्हातून येऊन आपण जिच्यात बसतो ती शेड आणि आपल्या पायाशी जी आपल्याच आकाराची पडते ती शॅडो, आपल्याला दोन्ही सावलीच.

अफेक्ट-इफेक्टवर सगळे लिहितात म्हणून थोडक्यात, बहुतेक वेळा अफेक्ट म्हणजे परिणाम करणं आणि इफेक्ट म्हणजे परिणाम.

मला सगळ्यात आवडणारी जोडी स्टेशनरी. वह्या-पेनवाली स्टेशनरी लिहिताना शेवटच्या आर-वायच्या आधी ई, आणि एका जागी थांबलेलं या अर्थाने असेल तर ए. एन्व्हलपचा ई लक्षात ठेवला की झालं. पण गंमत म्हणजे दोन्हीचं मूळ एकच, मध्ययुगात गावोगाव फिरून माल विकणारे बरेच असायचे, त्यांच्यात जो एका ठिकाणी दुकान थाटून बसायचा, विशेषतः पुस्तकं विकणारा, त्याला स्टेशनर म्हणायला लागले, आणि त्याच्याकडे मिळणारा कागद-शाईचा माल ती स्टेशनरी.