काका, चॅप्लिन अन् विंचवाची नांगी

सोयाबीन काढणी सुरू, सारा गाव वावरात, आज दुपारी वाचनालयात चिटपाखरू नाही, म्हटलं चला 'भीमायन' परत काढू. तेवढ्यात एक काका पेपर वाचायला आले अन् म्हणे, "काय सर, लायब्रेरियन असून चित्राचं पुस्तक वाचता काय बाप्पा?" मग बसवूनच दाखवलं. २०११ चं पुस्तक, दुर्गाबाई अन् सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी बाबासाहेबांची गोष्ट काढली, इंग्रजी आहे पण चित्रं बोलतात, चांगलं बोलणं पाखरासारख्या फुग्यात अन् जहरी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी! काका तिथंच अडकले, "आपल्या अर्ध्या गावाले असाच फुगा पाह्यजे" 😂

मग मोबाईलवर चॅप्लिनचा 'मॉडर्न टाइम्स' लावला, १९३६ चा, भाषेची भानगडच नाही. ते जेवण भरवणारं मशीन बिघडते ना, तिथं काका खोकला येईपर्यंत हसले. हुरूप आला म्हणून पिंक फ्लॉइड या इंग्रजी रॉक बँडचं गाणं लावलं (माझीच चूक), दोन मिनिटात "बंद करा सर, याच्यापेक्षा थ्रेशर बरा". हे मात्र मला अजून पचलं नाही. पेपर तसाच राहिला, 'भीमायन' नातवाले दाखवतो म्हणून पिशवीत घालून नेलं, रजिस्टरवर सही राहिलीच.