अंगठ्याला पाठ असलेली उडी

रविवार, रात्रीचे साडेअकरा

दोन दिवसांसाठी राहायला आलेली भाची आत्ताच झोपली. दुपारी तिने हट्ट धरला म्हणून 'क्रॅश बँडिकूट' या व्हिडिओ गेमच्या पहिल्या तीन भागांची नवी आवृत्ती, म्हणजे २०१७ साली प्लेस्टेशन ४ या कन्सोलसाठी (टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्रासाठी) आलेली 'एन. सेन ट्रिलॉजी', पुष्कळ महिन्यांनी पुन्हा लावली. तेव्हापासून मनात एकच विचार घोळतो आहे: जुने खेळ नव्या कन्सोलवर परत येतात तेव्हा आपला हिरमोड नेमका कशाने होतो?

मूळ पहिला भाग १९९६ चा. मोठ्या मामांनी मस्कतहून आणलेल्या कन्सोलवर, जुन्या फुगीर काचेच्या टीव्हीसमोर मांडी घालून मी तो एका सुट्टीत खेळलो. त्यातल्या 'द हाय रोड' या टप्प्यात धुक्यात लोंबकळणारा एक लांबलचक पूल आहे. त्याच्या काही फळ्या कुजक्या आहेत, काही निसरड्या आहेत, काही मुळातच नाहीत, आणि मधूनच समोरून रानडुकरे धावत येतात. कोणत्या फळीवरून केव्हा उडी मारायची हे त्या सुट्टीत माझ्या उजव्या अंगठ्याला असे पाठ झाले होते की, डोळे मिटले तरी तो पूल मी निम्मा ओलांडला असता.

आज त्याच पुलावर, त्याच जागेवरून, त्याच क्षणी बटण दाबले आणि खेळाचा नायक क्रॅश फळीच्या कडेवरून घसरून खाली गेला. पुन्हा दाबले, पुन्हा तेच झाले. चित्र तर डोळ्यांचे पारणे फेडणारे आहे. त्याच्या अंगावरचा केस न् केस दिसतो. पण ती उडी माझ्या ओळखीची राहिलेली नाही.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. खेळातल्या प्रत्येक पात्राभोवती डोळ्यांना न दिसणारा एक आकार असतो आणि पात्र कशाला टेकले, कशाला धडकले, हे संगणक त्या आकारावरून ठरवतो. जुन्या खेळात हा आकार तळाशी सपाट होता, त्यामुळे पायाचे टोक फळीला लागले तरी पात्र उभे राहत असे. नव्या खेळात तो औषधाच्या कॅप्सूलसारखा गोलसर आहे, म्हणून कडेवर पडलेले पाऊल हळूच बाहेर सरकते. शिवाय तिन्ही भागांतली हालचाल सारखी असावी म्हणून तिसऱ्या भागाची धाटणी पहिल्यालाही लावली गेली, आणि उडीचा सर्वोच्च बिंदू गाठल्यावर पात्र पूर्वीपेक्षा लवकर खाली येऊ लागले. पुलावरच्या फळ्यांमधले अंतर मात्र १९९६ चेच राहिले. काही उड्यांना आता अधिक अचूकता लागते आणि जुनी सवय असलेल्यांना नव्याने शिकावे लागेल, हे खेळ करणाऱ्या चमूने पुढे स्वतःच सांगितले. तो प्रामाणिकपणा मला आवडला.

ट्यूबच्या टीव्हीवर चित्राच्या कडा आपोआप मऊ दिसत, आज त्या बोचतात. पण हे दुःख मला फारसे वाटत नाही, चित्राची सवय चार दिवसांत होते. मला खरी भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. जुन्या यंत्रांची मर्यादा झाकण्यासाठी केलेली युक्ती कित्येकदा त्या खेळाचा प्राण झालेली असते, आणि नवे करणाऱ्याला ती नुसती अडचण वाटते. 'सायलेंट हिल' या भीतीच्या खेळातले धुके हे याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. १९९९ च्या पहिल्या भागात प्लेस्टेशनला दूरवरचे रस्ते रेखाटणे झेपत नव्हते म्हणून धुके आले, आणि त्याच धुक्यामुळे खेळातले गाव भयाण झाले. दुसरा आणि तिसरा भाग २०१२ साली एचडी, म्हणजे अधिक स्पष्ट चित्रांच्या, संग्रहात आले तेव्हा काम करणाऱ्यांच्या हाती मूळ प्रोग्रॅमची अंतिम प्रतच नव्हती, कारण ती कोणी जपून ठेवलेली नव्हती. धुके विरळ झाले आणि त्याने झाकलेल्या अपुऱ्या कडा उघड्या पडल्या. माणसे वर्षानुवर्षे खपून एखादी गोष्ट घडवतात आणि तिची शेवटची प्रत हरवते, याचे मला आजही मनापासून वाईट वाटते.

याउलट 'शॅडो ऑफ द कोलोसस' घ्या. २००५ चा हा खेळ २०१८ साली प्लेस्टेशन ४ वर आला तेव्हा चित्रे संपूर्ण नवी घडवली, पण आतला मूळ प्रोग्रॅम कायम ठेवला. म्हणून त्यातल्या महाकाय प्राण्यांच्या केसांना धरून वर चढताना हाताची पकड सुटत चालल्याची तीच जुनी धाकधूक जाणवते. पडद्यावर सारे नवे असूनही हाताला काहीही परके वाटत नाही. म्हणून नवे रूप म्हटले की निराशा ठरलेलीच, असे मी म्हणणार नाही.

संध्याकाळी कंट्रोलर भाचीकडे दिला. ती पाच-सहा वेळा पडली आणि मग म्हणाली, "मामा, तू फार टोकाला जाऊन उडी मारतोस, जरा आधी मार की!" तिच्या अंगठ्याला जुनी फळी ठाऊकच नाही. जेवायच्या आधी तिने पूल ओलांडला, आणि मी तिच्या शेजारी बसून तिचा अंगठा नेमका केव्हा खाली जातो ते पाहत राहिलो.